येणे सोडायचे, पण हिशेब करून : क्षमेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत: ज्याने दुखावले त्याला क्षमा कशी करायची. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : धाकट्या बहिणीने घरात माझ्याविषयी खोटे सांगितले. त्यामुळे दोन वर्षे आईवडील माझ्याशी बोलत नव्हते. एका उपासनेत मी तिला क्षमा केली, रडलेही. आठवड्याभरात तिचा फोन आला आणि पुन्हा तसाच संताप उसळला. माझी क्षमा खोटी होती का?

खोटी नव्हती, बहुधा अपुरी होती. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाने इथे हिशेबातलाच शब्द वापरला आहे. ऋण म्हणजे आपले कोणाकडे तरी राहिलेले येणे. येणे सोडायचे तर ते किती होते हे आधी ठाऊक हवे. रक्कम न पाहता ‘जाऊ दे, सगळे सोडले’ म्हटले की पुढे महिनाभर एकेक जुनी पावती हाती लागत राहते आणि प्रत्येक वेळी वाटते, हे तर मी सोडलेच नव्हते. आणि ते खरेच असते.

म्हणून कागद घ्या. एका कागदावर एकच माणूस आणि शक्यतो एकच घटना. अर्धा-पाऊण तास निवांत मिळेल अशी वेळ निवडा. नुकतेच भांडण झाले असेल तर तो दिवस जाऊ द्या. आधी घडले ते लिहा, विशेषणांशिवाय. ‘ती दुष्टपणे वागली’ असे नको. ‘तिने आईला सांगितले की पैसे मी घेतले, मी घेतले नव्हते’ असे लिहा. त्याखाली काय गेले ते लिहा: दोन वर्षांचे बोलणे, घरातली पत, झोप, बहिणीवरचा भरवसा. ही यादी करताना पुष्कळांच्या लक्षात येते की खरी जखम भलतीकडेच आहे. बहिणीच्या खोट्यापेक्षा आईवडिलांनी ते न विचारता खरे मानले, हे तुम्हाला अधिक लागले असेल. तसे असेल तर आणखी दोघांना क्षमा करायची राहिली आहे, आणि बहिणीला कितीही वेळा केली तरी ती पुरणार नाही.

तिसरा भाग लिहायला सर्वांत जड जातो: आपण वसुली कशी करतो आहोत? फोन मुद्दाम न उचलणे, तिचे नाव निघाले की एखादे वाक्य टाकणे, तिचे बिनसले की बरे वाटणे, रात्री मनातल्या मनात खटला चालवून तिला निरुत्तर करणे. सोडायची ती ही वसुली. प्रार्थनेत एकेक ओळ मोठ्याने वाचा आणि म्हणा, ‘प्रभू, माझे हे गेले. ते मी तिच्याकडून वसूल करणार नाही. तिचा न्याय तुझ्या हाती.’ तारीख वहीत नोंदवा आणि कागद फाडून टाका. प्रकरण कायद्याचे असेल तर मात्र पावत्या, संदेश, कागदपत्रे वेगळी जपून ठेवा. पुरावा जपणे म्हणजे अढी धरणे नव्हे.

एवढे करूनही संताप परत येईल. क्षमेवर दीर्घकाळ संशोधन केलेले ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा वेगळी मानतात, आणि आमच्या मते हा भेद प्रत्येक मंडळीत शिकवायला हवा. निर्णय एका दिवसात होतो. भावना मागून, आपल्या चालीने येते. संताप आला की आधी पाहा: ही यादीतली जुनीच ओळ आहे की नवी? जुनी असेल तर लांब प्रार्थना नको, एकच वाक्य पुरे: ‘हे मी सोडले आहे.’ मग तिच्यासाठी एक नेमके चांगले मागा, म्हणजे तिची प्रकृती किंवा तिचे काम. नवी असेल, म्हणजे आजवर न दिसलेले नुकसान दिसले असेल, तर ती ओळ नव्याने लिहून नव्याने सोडा. पेत्राने सात वेळा पुरे का असे विचारले, तेव्हा प्रभूने ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हटले (मत्तय १८:२२). नव्या अपराधांची मोजणी ठेवू नये हा त्याचा सरळ अर्थ आहेच. पण एकाच अपराधाला सत्तर वेळा क्षमा करावी लागते, हेही ज्याने भोगले आहे त्याला पटेल.

आठवण येताच छाती धडधडणे, घाम फुटणे, प्रसंग डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहणे, झोप उडणे हे महिनाभराहून अधिक चालले असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तो मनावरचा आघात आहे. विश्वास कमी पडल्याची ती खूण नाही.

प्रश्न : समोरच्याला आपली चूकच मान्य नाही. लूक १७:३ मध्ये ‘त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर’ असे आहे. मग त्याने पश्चात्ताप करेपर्यंत मी बांधील नाही ना?

लूकचे वचन मार्क ११:२५ शेजारी ठेवून वाचा. तिथे प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, असे आहे. समोरचा तिथे हजरही नाही आणि त्याच्या पश्चात्तापाची अटही नाही. दोन्ही वचने खरी आहेत, कारण दोन कामे वेगळी आहेत. सूड आणि वसुली देवाच्या हाती देणे हे एकट्याने करता येते, आणि ते लगेच करायचे. समेट मात्र दोघांचा असतो; त्याला कबुली लागते. वधस्तंभावर प्रभूने आणि दगडमार होत असताना स्तेफनाने प्रार्थना केली, तेव्हा मारणाऱ्यांपैकी कोणी क्षमा मागितली नव्हती. पण त्या प्रार्थनेने मारणारे आपोआप मित्रही झाले नाहीत. ‘साधेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ शांतीने राहा, असे रोमकरांस १२:१८ सांगते. पौलाने ते ‘साधेल तर’ उगाच घातलेले नाही.

एक चूक वारंवार होते. ज्याला आपला अपराध मान्य नाही त्याच्याकडे जाऊन ‘मी तुला क्षमा केली’ असे सांगायचे. त्याला त्यात क्षमा ऐकू येत नाही, आरोप ऐकू येतो, आणि नवे भांडण सुरू होते. त्याने विचारले तर सांगा. नाहीतर ती गोष्ट देव आणि तुम्ही यांच्यातच राहू द्या.

प्रश्न : मंडळीतल्याच एका भावाबरोबर व्यवसाय केला. त्याने हिशेब लपवून मोठी रक्कम उचलली. आता त्याने माफी मागितली आहे आणि पुन्हा भागीदारी मागतो आहे. नकार दिला तर म्हणतो, मग तुम्ही क्षमा केलीच नाही.

त्याच्या या वाक्यात तीन गोष्टींची गल्लत आहे: क्षमा, भरपाई आणि भरवसा. पवित्र शास्त्र या तिन्ही वेगळ्या ठेवते.

भरपाईचा आकडा नियमशास्त्रात अगदी नेमका आहे. फसवून घेतलेले परत करताना पूर्ण रक्कम आणि वर एक-पंचमांश द्यायचा (लेवीय ६:५, गणना ५:७). शंभर घेतले असतील तर एकशेवीस. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर चौपट (निर्गम २२:१). जक्कय या जकातदाराने चौपट परत करीन म्हटले ते या कडक मापाने, आणि तेही कोणी मागण्याआधी. म्हणून पहिला प्रश्न त्यालाच विचारा: माफीबरोबर रकमेचे काय? रकमेचा उल्लेखही न करता येणाऱ्या माफीने आपण तरी हुरळून जाऊ नये.

तुम्ही रक्कम सोडूही शकता. फिलेमोनाला त्याचा दास ओनेसिम याच्याविषयी पौल लिहितो, ‘त्याने तुझे काही नुकसान केले असेल तर ते माझ्या हिशेबी मांड.’ नुकसान झालेच नाही असे पौल म्हणत नाही, ते कोणी सोसायचे एवढे ठरवतो. तेव्हा बोलणीला बसण्याआधी मनाशी पक्के करा: पूर्ण सोडायची, काही भाग सोडायचा की हप्त्याने घ्यायची. जे ठरेल ते लिहून, तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ठेवा. सोडली तर तसे लेखी द्या, आणि पुढे कधीही त्या पैशांचा विषय काढू नका. अर्धवट सोडलेली रक्कम दहा वर्षांनी एखाद्या लग्नात टोमणा होऊन बाहेर पडते. दोघांत जमत नसेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायाप्रमाणे आधी मंडळीतला एखादा जाणता, व्यवहार कळणारा माणूस मध्ये घ्या. केवळ भक्तिमान माणूस इथे पुरत नाही. त्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे.

आता भरवसा. योसेफाला भावांनी विकले तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. पुढे सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे धरली तर भावांना ओळख देताना तो ३९ च्या आसपास होता. बावीस वर्षांनी भाऊ समोर आले, त्याला रडू आले. तरी त्याने लगेच ओळख दिली नाही. शिमोनाला ठेवून घेतले, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावले, त्याच्या गोणीत प्याला ठेवला. ज्या यहूदाने विकण्याची कल्पना काढली, तोच धाकट्याच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. क्षमा त्याच्या मनात आधीच होती, असे आम्हाला वाटते. माणसे बदलली आहेत का, हे मात्र त्याने पाहून घेतले.

तुमच्या भावाला म्हणा, ‘मी क्षमा केली आहे. भागीदारी करणार नाही.’ पुढे स्पष्टीकरण नको. त्याचे वागणे काही वर्षे सचोटीचे दिसले तर पुन्हा विचार करायला मोकळे आहात, पण बांधील नाही.

प्रश्न : नवरा मारहाण करतो. दर वेळी नंतर रडून माफी मागतो. मंडळीतले वडीलजन म्हणतात, सत्तर वेळा क्षमा कर आणि घरी परत जा.

ताई, आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचा विचार तिथे पोहोचल्यावर करता येईल. मुले असतील तर त्यांना बरोबर घ्या, ओळखपत्रे आणि औषधे जवळ ठेवा, भरवशाच्या एका तरी माणसाला ठिकाण सांगा. निघणार असल्याचे आधी नवऱ्याला कळू देऊ नका. अशा घरांत सर्वाधिक धोका निघण्याच्या सुमारास असतो. जखमा डॉक्टरांना दाखवा आणि त्याची नोंद लेखी घ्या. पोलिसांकडे जाण्याने क्षमेला बाध येत नाही.

वडीलजनांनी सांगितलेले वचन खरे आहे, लावले चुकीच्या जागी. राजा शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला. पुढे शौल दोनदा त्याच्या हाती सापडला आणि दोन्ही वेळा दावीदाने त्याला सोडले (१ शमुवेल २४ आणि २६). दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, ‘माझ्या मुला, परत ये, मी तुला पुन्हा इजा करणार नाही.’ दावीदाने त्याचा भाला परत दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. सूड घेतला नाही, घरीही गेला नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा ४था अध्यायही वडीलजनांना दाखवा. आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केले, प्रभू त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून जपून राहा, असे पौल १४ आणि १५ या ओव्यांत लिहितो. आणि लगेच १६व्या ओवीत, संकटात आपल्याला सोडून गेलेल्यांविषयी, ‘हे त्यांच्या हिशेबी गणले न जावो’ असे म्हणतो. सावध करणे आणि क्षमा करणे एकाच लेखणीतून उतरले आहे.

शिक्षेचेही तसेच. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केल्याचे जाहीर केले आणि डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तो माणूस २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. न्याय करणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे (रोमकरांस १३:४) आणि पौलानेही आपला हक्क सोडून न देता कैसराकडे दाद मागितली होती.

वडीलजनांसाठी दोन शब्द. मारहाणीनंतरचे रडणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पश्चात्ताप महिन्यांनी मोजा. ‘पण तिनेही’ हे शब्द न वापरता तो कबुली देतो का? उपचार आणि समुपदेशन स्वतःहून, नियमाने घेतो का? वेगळे राहण्याची अट कुरकुर न करता पाळतो का? ‘आता तरी क्षमा कर’ असा तगादा थांबला का? यांतले एकही नसताना बायकोला परत पाठवणे म्हणजे तिला पुढच्या मारासाठी पाठवणे आहे. आणि लहान मुलावरचा अत्याचार कधीही मंडळीच्या बैठकीत मिटवू नये. ते प्रकरण त्याच दिवशी पोलिसांकडे जायला हवे.

प्रश्न : मला क्षमा करावीशी वाटतच नाही. मत्तय ६:१५ मध्ये आहे की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही. ते वाचले की भीती वाटते, देव मला टाकून देईल.

ते वचन कडक आहे आणि ते मऊ करून सांगणे आम्हाला जमणार नाही. पण ते क्षमा नाकारून बसलेल्याला आहे. जमत नाही म्हणून रडणाऱ्याला नाही. मत्तय १८ मधला चाकर पाहा. राजाने त्याला १०,००० तलांतांचे ऋण सोडले. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच्या सोबत्याकडे येणे होते १०० दीनार, सहा लाख पटींनी कमी. प्रवचनांत या शंभर दीनारांना ‘क्षुल्लक’ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई. तुमचे नुकसान प्रभू खरे धरतो, मोजतो, आणि मग मोठ्या रकमेशेजारी ठेवतो. चाकराने गळा धरला, मुदत मागितली तीही दिली नाही. न्याय झाला तो या नकाराचा.

इच्छा नसेल तर इच्छाच मागा. कोरी टेन बूम या डच बाईंची बहीण १९४४ मध्ये रावेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत मेली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये त्याच छावणीचा एक पहारेकरी हात पुढे करून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांच्या मनात माया नव्हती, थंडपणा होता. ‘मी फक्त हात उचलू शकते, भावना तू दे,’ अशा अर्थाची प्रार्थना करून त्यांनी हात उचलला. भावना नंतर आली. तुमच्याकडूनही आज एवढेच होणार असेल, तर एवढे करा.

प्रश्न : वडिलांनी लहानपणी फार छळले. ते वारले. आता कोणाला आणि कशी क्षमा करू?

वसुली मेलेल्या माणसाकडूनही चालूच राहते, फक्त ती आता बहुधा स्वतःवर किंवा स्वतःच्या मुलांवर होते. वरची तीन भागांची यादी करा आणि ती देवापुढे वाचा. वडिलांशी बोलायचे नाही, त्यांच्याविषयी देवाशी बोलायचे. क्षमा केली म्हणून ‘ते चांगलेच होते’ असे म्हणण्याचे बंधन नाही. जे चांगले मिळाले नाही त्याचा शोक वेगळा असतो आणि तो क्षमेनंतरही काही काळ टिकतो. स्तोत्र ५५ सावकाश वाचा. जवळच्या माणसाने केलेला घात त्यात आहे.

प्रश्न : मंडळीतल्या एका बाईंनी माझी बदनामी केली. प्रार्थना गटात हा विषय मांडू का?

नको. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम ठरलेला आहे: आधी एकट्याने जाऊन, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. गटात ‘अमुक ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांनी माझ्याविषयी असे असे म्हटले’ असे सांगणे म्हणजे तिसऱ्या पायरीपासून सुरुवात, आणि तीही चहाडीच्या रूपाने. समोरासमोर भेटा, फोनवरच्या लेखी संदेशाला आवाजाचा सूर नसतो आणि तो दहा जणांकडे पुढे जातो. एकाच घटनेबद्दल बोला, आणि ‘मला असे कळले, ते खरे का?’ असे विचारून सुरुवात करा. ऐकीव गोष्ट खोटीही निघते.

प्रश्न : अपराध माझाच आहे. मैत्रिणीचे गुपित मी फोडले. क्षमा कशी मागू?

मत्तय ५:२३-२४ तुमच्यासाठी आहे: वेदीपाशी आठवले तर दान तिथेच ठेवून आधी जा. जाताना वाक्ये तयार करून जा. काय केले ते नाव घेऊन सांगा: ‘तुझी गोष्ट मी अमुक दोघींना सांगितली.’ ‘काही चुकले असेल तर’ हा शब्दप्रयोग टाळा, चुकले आहे. कारणे देऊ नका, आणि ‘पण’ आला की तिथेच थांबा. तिला काय सोसावे लागले ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. भरपाई सुचवा: ज्या दोघींना सांगितले त्यांना जाऊन स्वतःची चूक सांगायची तयारी दाखवा, पण तिची परवानगी असेल तरच, नाहीतर विषय पुन्हा पसरेल. मग ‘मला क्षमा कर’ असे एकदाच म्हणा.

ती लगेच ‘हो’ म्हणेलच असे नाही. गप्प राहील, रागावेल किंवा ‘मला वेळ दे’ म्हणेल. तेव्हा वचने ऐकवू नका, दुसऱ्या दिवशी विचारू नका, मध्यस्थ पाठवू नका. ‘बरं, तुला हवा तितका वेळ घे’ म्हणून उठा, आणि तोपर्यंत तिची दुसरी कोणतीही गोष्ट कोणाजवळही काढू नका.